दोन सेंटांचा तोडगा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांच्या दिवाणखान्यांत पियानोलाचे, म्हणजे आपोआप वाजणाऱ्या पियानोचे, प्रस्थ फार होते. कागदाच्या एका लांबलचक गुंडाळीला ठरावीक जागी भोके पाडलेली असत. ती गुंडाळी यंत्रात बसवून पायाने भाता चालवू लागले, की जेथे भोक येई तेथून हवा शिरून त्या त्या स्वराची पट्टी आपोआप दाबली जाई, आणि ज्याला स्वरलिपीचे एक अक्षर वाचता येत नाही अशा गृहस्थाच्या घरीही संध्याकाळची बैठक रंगे. अशा गुंडाळ्या विकणाऱ्या अपोलो नावाच्या कंपनीने दोन लोकप्रिय गीते कागदावर उतरवली आणि त्या गीतांच्या प्रकाशकास, बोस्टनच्या व्हाइट-स्मिथ संस्थेस, त्याबद्दल एक छदामही दिला नाही. व्हाइट-स्मिथने फिर्याद केली. ती पायरीपायरीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढली. आणि 1908 च्या फेब्रुवारीत त्या न्यायालयाने निकाल दिला, की माणसाला डोळ्यांनी जी वाचता येत नाही तिला स्वरलिपीची ‘प्रत’ म्हणता येत नाही, सबब भोके पाडलेल्या कागदाने कोणाचाही हक्क बुडालेला नाही.

हा निकाल कायद्याच्या अक्षराला धरून असेलही, परंतु ज्यांनी चाली बांधल्या त्यांच्या पोटावर तो पाय देणारा होता. जॉन फिलिप सूझा हे त्या काळचे अत्यंत लोकप्रिय संगीतकार आणि बँडनायक. त्यांनी निकालाच्या आधीच, 1906 मध्ये, यांत्रिक संगीताच्या संकटावर एक खरमरीत लेख लिहिला होता, आणि काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले होते, की आपल्या लहानपणी उन्हाळ्याच्या संध्याकाळी घरोघरच्या ओसरीवर तरुण मंडळी गाताना दिसत, आता तेथे रात्रंदिवस ही यंत्रे कोकलतात, आणि अशाने उत्क्रांतीच्या ओघात माणसाची शेपटी जशी गळून पडली तसा त्याचा कंठही एक दिवस गळून पडेल. कंठ काही गळला नाही. घडले ते असे, की 1909 साली काँग्रेसने नवा कायदा केला आणि त्यात रचनाकाराचा हक्क तर मान्य केलाच, पण त्या हक्काला एक चमत्कारिक मुरड घातली: ज्याने आपल्या गीताचे यांत्रिक मुद्रण एकदा कोणालाही करू दिले, त्याला मग दुसऱ्या कोणालाही नकार देता येणार नाही; ज्याला ते गीत मुद्रित करून विकायचे असेल त्याने प्रत्येक प्रतीमागे 2 सेंट हक्कदाराच्या पदरात टाकावेत आणि खुशाल विकावे. ही मुरड घालण्याचे कारणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. एओलियन नावाच्या बड्या कंपनीने अनेक प्रकाशकांशी आधीच करार करून ठेवले होते, की कायदा आपल्या बाजूने झाला तर तुमच्या सगळ्या गीतांचा मक्ता आमचाच. आणि चोरी थांबवता थांबवता मक्तेदारी उभी करायची, हे कायदा करणाऱ्यांना पसंत पडले नाही. तो 2 सेंटांचा दर पुढे 1978 सालापर्यंत तसूभरही हलला नाही.

ही जुनी हकीकत इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे, की त्यानंतर नव्वद वर्षांनी संगीताच्या धंद्यावर जेव्हा दुसरे एक यंत्र चालून आले, तेव्हा हा कागद त्या धंद्याच्या दप्तरात होता, आणि तो कोणी उघडून पाहिला नाही. फिर्यादी मात्र पुष्कळ केल्या. त्यांतल्या बहुतेक जिंकल्याही.

1982 साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आणली, तेव्हा ध्वनीचे रूपांतर प्रथमच निखळ आकड्यांत होऊन ते आकडे सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती पडले. सेकंदाला 44,100 वेळा ध्वनिलहरीची उंची मोजायची आणि ती आकड्यात लिहून ठेवायची, एवढाच या चकचकीत तबकडीचा कारभार. तिला कुलूप नव्हते, कारण त्या काळी चार मिनिटांच्या एका गाण्याचे सुमारे 42 मेगाबाइट भरणारे आकडे ठेवायला घरगुती संगणकात जागा नव्हती, आणि जेथे चोराला शिरायला वाटच नाही तेथे कडीकुलूप कशाला, असा विचार कोणी केला असल्यास त्याला मूर्ख म्हणता येणार नाही. ही वाट जर्मनीत निघाली. एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी माणसाच्या कानाच्या एका दुबळेपणाचा अभ्यास करीत होते: ताशाच्या कडकडाटात शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येत नाही, तेव्हा ती कुजबुज लिहून ठेवण्याचे कारणच काय? जे ऐकू येणार नाही ते वगळत गेले, की गाणे दहा-अकरा पटींनी लहान होते. सुझॅन व्हेगा या गायिकेने वाद्यांच्या साथीवाचून गायलेले एक गीत त्यांनी कसोटीसाठी वापरले, कारण एकट्या उघड्या आवाजात जरा काही कापले तर कानाला लगेच खटकते. 1995 च्या जुलैत या पद्धतीच्या फायलींना ‘एमपी थ्री’ हे शेपूट जोडण्याचे ठरले. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या काळच्या मोडेमने मूळ गाणे आणायला दीड तासाहून अधिक वेळ लागला असता. आता ते दहा मिनिटांत येऊ लागले.

अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांचा व्यवहार याच सुमारास शिखरावर होता. 1999 साली तेथे 14.6 अब्ज डॉलरची विक्री झाली. या भरभराटीत एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या मनात सलत होती, ती अशी, की एका आवडत्या गाण्यासाठी पंधरा-सोळा डॉलर मोजून दहा नावडती गाणी घरी आणावी लागत, कारण एकेक गाण्याची स्वस्त तबकडी कंपन्यांनी हळूहळू बाजारातून काढून घेतली होती. त्यात 2000 च्या मे महिन्यात तेथील व्यापार आयोगाने पाचही बड्या कंपन्यांवर ठपका ठेवला, की ठरावीक किमतीच्या खाली जाहिरात करणाऱ्या दुकानदारांचा जाहिरातखर्च अडवून त्यांनी डिस्कच्या किमती कृत्रिम रीतीने चढ्या ठेवल्या. पुढे 2002 मध्ये राज्य सरकारांच्या दाव्यात कंपन्यांनी आणि काही दुकानदारांनी, दोष कबूल न करता, 6 कोटी 74 लाख डॉलर रोख आणि साडेसात कोटींहून अधिक किमतीच्या डिस्का देऊन तडजोड केली. ज्याला आपण लुबाडले गेलो असे वाटते तो दुसऱ्याच्या मालाविषयी फार सोवळा राहत नाही. हे समर्थन नव्हे, पण पुढे जे झाले ते समजून घेताना हे विसरून चालणार नाही.

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातून शिक्षण अर्धवट सोडलेल्या शॉन फॅनिंग नामक अठरा वर्षांच्या मुलाने 1999 च्या जूनमध्ये ‘नॅप्स्टर’ लोकांपुढे ठेवले. त्याची रचना अत्यंत साधी होती. नॅप्स्टरच्या स्वतःच्या यंत्रात एकही गाणे नव्हते. तेथे होती केवळ फेरिस्त, म्हणजे या घडीला कोणाच्या संगणकात कोणती गाणी आहेत त्याची यादी. तुम्ही गाण्याचे नाव टाकायचे, नॅप्स्टरने कोणा अपरिचिताचा पत्ता सांगायचा आणि गाणे त्याच्या घरून परस्पर तुमच्या घरी यायचे. 2001 च्या फेब्रुवारीपर्यंत जगभरात अडीच कोटींहून अधिक माणसे ही देवघेव करू लागली होती, आणि त्यांत केवळ फुकटे नव्हते. ज्यांच्या तबकड्या वीस वीस वर्षे बाजारातून नाहीशा झाल्या होत्या असे गायक तेथे शोधणारे दर्दीही होते. असे ग्रंथालय त्यापूर्वी कोणी उघडले नव्हते, आणि ते ज्यांच्या गाण्यांवर उभे होते त्यांना त्यातून एक पैसाही मिळत नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या, हीच त्या प्रकरणातली खरी अडचण.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांचा संघ, म्हणजे आरआयएए, 1999 च्याच डिसेंबरात कोर्टात गेला. पाठोपाठ 2000 च्या एप्रिलमध्ये ‘मेटॅलिका’ या प्रख्यात रॉक वाद्यवृंदाने दावा लावला, कारण त्यांचे एक अपुरे गीत प्रसिद्ध होण्यापूर्वीच रेडिओवर वाजू लागले होते. वृंदाचे तालवादक लार्स उलरिक हे 3,35,435 नावांची यादी खोक्यांत भरून नॅप्स्टरच्या कचेरीवर स्वतः घेऊन गेले आणि आमच्या या चाहत्यांना बंद करा, असे त्यांनी सांगितले. या प्रसंगातला विरोधाभास त्या वेळीही कित्येकांच्या ध्यानात आला होता: 1982 साली याच वृंदाला कोणी ओळखत नव्हते, तेव्हा त्यांची एक नमुन्यादाखल भरलेली कॅसेट चाहत्यांनी एकमेकांसाठी प्रती करकरून गावोगावी पोचवली होती, आणि त्यांचा पहिला लौकिक त्या फुकट प्रतींवरच झाला होता. उलरिक यांची बाजू मला अगदीच पोकळ वाटत नाही. आपले गाणे केव्हा आणि कोणत्या रूपात लोकांपुढे जावे हे ठरवण्याचा अधिकार कलावंताचा आहे, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. पण ते म्हणणे त्यांनी श्रोत्यांच्या नावांची यादी पुढे करून मांडले.

कॅसेटच्या प्रती म्हटल्या, की आमच्या पिढीला बाजारपेठेतले ते अरुंद दुकान आठवल्यावाचून राहत नाही. हव्या त्या गाण्यांची चिठ्ठी आणि एक कोरी कॅसेट देऊन यायचे, आणि दोन दिवसांनी दुकानदार ती ‘भरून’ द्यायचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये शेवटचे गाणे अंतऱ्यावरच तुटायचे, आणि आजही ते गाणे कोठे ऐकले तर माझा कान त्या जागी थबकतो. आपण काही अपहार करीत आहो असा विचार त्या दुकानात मी कोणाच्याही चेहऱ्यावर पाहिला नाही, माझ्या तर नाहीच. इंग्लंडमध्ये ऐंशीच्या दशकाच्या आरंभी तेथील ध्वनिमुद्रण संघाने कॅसेटच्या चित्राखाली हाडांची फुली काढून घरगुती मुद्रणाने संगीताचा जीव जात असल्याची जाहिरात चालवली होती. अमेरिकेत आकडी मुद्रण करणारी टेपयंत्रे आली, तेव्हा मात्र निराळे घडले: यंत्रांच्या किमतीवर 2 टक्के आणि कोऱ्या फितींवर 3 टक्के पट्टी बसवून ती रक्कम हक्कदारांत वाटायची, आणि त्या बदल्यात घरगुती मुद्रणाबद्दल कोणावर दावा करायचा नाही, असा कायदा 1992 साली झाला. 1909 च्या तोडग्याचेच हे भावंड. दुर्दैव असे, की त्या कायद्याच्या व्याख्येत संगणक बसत नव्हता. 1998 साली डायमंड कंपनीचे ‘रिओ’ नावाचे खिशातले वाद्य निघाले, तेव्हा आरआयएएने त्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने सांगितले, की ज्या संगणकातून या यंत्रात गाणी येतात तो तुमच्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. इतक्या महत्त्वाच्या कलमातून घरातला सगळ्यांत मोठा मुद्रक निसटला होता.

नॅप्स्टरच्या दाव्यात न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांनी जुलै 2000 मध्ये मनाई हुकूम दिला. त्याला तात्पुरती स्थगिती मिळाली. 12 फेब्रुवारी 2001 रोजी अपील न्यायालयाने नॅप्स्टर जबाबदार असल्याचे मुख्यतः मान्य केले. गाणी दुसऱ्याच्या घरची असली तरी फेरिस्त तुमच्या घरची आहे आणि ती तुम्ही आवरू शकता, हा त्यातला निर्णायक मुद्दा. या निकालानंतर सुमारे आठवड्याभराने नॅप्स्टरने कंपन्यांपुढे एक प्रस्ताव ठेवला: पाच वर्षांत मिळून 1 अब्ज डॉलर घ्या आणि परवाना द्या. बर्टेल्समान या जर्मन उद्योगसमूहाने नॅप्स्टरला आधीच कर्ज देऊन हात पुढे केला होता. इतरांनी प्रस्ताव नाकारला. त्यांचे म्हणणे होते, की रक्कम अपुरी आहे आणि हा पैसा येणार कोठून हे स्पष्ट नाही. व्यापारी हिशेबाने हा आक्षेप खोटा नव्हता. तरीही 1909 च्या काँग्रेससमोर जो प्रश्न होता तोच येथे मांडलेला होता, आणि तेव्हा जे कायद्याने सक्तीचे केले गेले ते येथे स्वेच्छेने करायला कोणाची मनाई नव्हती. 2 सेंटांचे ते कलम केवळ गीताच्या रचनेला लागू होते, ध्वनिमुद्रणाला नव्हे, किंबहुना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला संरक्षण मिळाले तेच मुळी 1972 साली. तेव्हा कंपन्यांवर कायद्याचे बंधन नव्हते हे खरे. बंधन नव्हते म्हणूनच तो निर्णय त्यांचा होता. जुलै 2001 मध्ये नॅप्स्टर बंद पडले, पुढच्या वर्षी दिवाळ्यात निघाले, आणि अडीच कोटी श्रोते, ज्यांना एका दाराशी उभे करून तिकीट लावता आले असते, ते शंभर वाटांनी पांगले.

पांगले ते काझा, ग्रॉक्स्टर, लाइमवायर असल्या जागी, जेथे मध्यवर्ती फेरिस्तच ठेवलेली नव्हती. न्यायालयाने नॅप्स्टरला ज्या मुद्द्यावर पकडले तो मुद्दाच नव्या कारागिरांनी आराखड्यातून काढून टाकला होता.

कंपन्यांनी स्वतःची दुकाने उघडली नाहीत असे नाही. डिसेंबर 2001 मध्ये ‘प्रेसप्ले’ आणि ‘म्युझिकनेट’ अशी दोन निघाली. एकात सोनी आणि युनिव्हर्सलची गाणी, दुसऱ्यात वॉर्नर, बीएमजी आणि ईएमआयची. म्हणजे ज्याला आपल्या आवडीची पाच गाणी हवीत त्याने आधी कोणता गायक कोणाच्या पदरी आहे याचा अभ्यास करावा आणि मग दोन्हीकडे मासिक वर्गणी भरावी. वर्गणी थांबली, की उतरवून घेतलेली गाणीही मुकी होत. चोरबाजारात जो माल चांगला, अखंड आणि कायमचा मिळत होता, तोच पेढीवर पैसे मोजून अपुरा आणि मुदतीचा मिळू लागला.

कुलपांची कथा तर याहून विलक्षण आहे. 2000 च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांच्या एका संयुक्त मंडळाने आपल्या नव्या कुलपांचे नमुने जाहीर करून, फोडून दाखवा आणि बक्षीस घ्या, असे आव्हान दिले. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फोडली, आणि बक्षीस न घेता ती कशी फोडली यावर निबंध लिहिला. तेव्हा अशी कुलपे फोडण्यास मनाई करणाऱ्या 1998 च्या कायद्याचा हवाला देणारे पत्र त्यांना आले आणि एप्रिल 2001 मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला. ऑगस्टमध्ये तो वाचला गेला, पण न्यायालयाचे दार ठोठावल्यावर. पुढे 2003 मध्ये प्रिन्स्टनच्याच एका विद्यार्थ्याने दाखवून दिले, की डिस्कवरचे एक नवे महागडे कुलूप संगणकाची शिफ्ट कळ दाबून धरली तर लागतच नाही. कुलूप बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यावर दावा लावण्याची धमकी दिली आणि, बहुधा कोणीतरी मोठ्याने हसल्यामुळे, ती लगेच मागे घेतली. ऑक्टोबर 2005 मध्ये मात्र हसण्याचे काही उरले नाही. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाच्या ध्यानात आले, की सोनी बीएमजीने विकलेली डिस्क संगणकात घातली, की ती मालकाच्या नकळत एक छुपा प्रोग्राम आत सोडते, जो स्वतःला लपवतो आणि त्याच्या आडोशाने इतर उपद्रवी प्रोग्रामही लपू शकतात. कंपनीला त्या डिस्का परत घ्याव्या लागल्या. या डिस्का विकत घेतल्या होत्या त्या प्रामाणिक गिऱ्हाइकांनी. ज्याने गाणे फुकट उतरवले त्याच्या यंत्राला काहीही झाले नव्हते.

8 सप्टेंबर 2003 रोजी आरआयएएने पहिल्या झटक्यात 261 व्यक्तींवर दावे लावले. अमेरिकेच्या कायद्यात अशा प्रकरणी प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करावे लागत नाही. दर कृतीमागे 750 ते 30,000 डॉलर, आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाबद्दल दीड लाखापर्यंत भरपाई मागता येते. हे आकडे मुळात धंदेवाईक नकला करणाऱ्यांना धाक बसावा म्हणून कायद्यात आले असावेत, आणि ते आता विद्यार्थी, गृहिणी, आजोबा यांच्या अंगावर धावून गेले. पहिल्याच यादीत न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतीत राहणारी बारा वर्षांची मुलगी निघाली. तिच्या आईने 2,000 डॉलर भरून प्रकरण मिटवले. मॅसेच्युसेट्समधील 66 वर्षांच्या एका शिल्पकार बाईंवर रॅप गाणी वाटल्याचा आरोप आला. त्यांच्या मॅकिन्टॉश संगणकावर काझा चालतच नव्हते, म्हणून दावा मागे घ्यावा लागला. 2005 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील एका 83 वर्षांच्या बाईंच्या नावाने फिर्याद दाखल झाली, ती त्यांच्या मृत्यूनंतर. इंटरनेट पुरवणाऱ्या व्हेरायझन कंपनीने ग्राहकांची नावे द्यायचे नाकारले आणि डिसेंबर 2003 मध्ये अपील न्यायालयानेही तिची बाजू घेतली, तेव्हापासून ‘अज्ञात इसम’ असे लिहून फिर्याद लावायची आणि मग न्यायालयाकरवी नाव मिळवायचे, ही वहिवाट पडली. 2008 च्या डिसेंबरात हे सत्र थांबवत असल्याचे संघाने जाहीर केले तोवर सुमारे 35,000 माणसांना या ना त्या रूपात नोटिसा गेल्या होत्या. बहुतेकांनी तीन ते पाच हजार डॉलर देऊन सुटका करून घेतली. आणि एवढे करूनही पैसा मिळाला का? सोनी बीएमजीच्या वकील बाईंनी 2007 मध्ये न्यायालयात शपथेवर सांगितले, की या दाव्यांत येतो त्यापेक्षा अधिक पैसा जातो.

मोठ्या दाव्यांत यशाला तोटा नव्हता. 27 जून 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्रॉक्स्टरच्या प्रकरणात एकमताने निकाल दिला, की हक्कभंगाला चिथावणी देऊन जो आपले साधन पसरवतो तो त्या भंगाला जबाबदार. काझाने 2006 मध्ये 10 कोटी डॉलरहून अधिक आणि लाइमवायरने 2011 मध्ये 10 कोटी 50 लाख डॉलर देऊन तडजोड केली. स्वीडनमध्ये ‘द पायरेट बे’ चालवणाऱ्यांना एप्रिल 2009 मध्ये एकेक वर्षाची कैद आणि मिळून 3 कोटी क्रोनरची भरपाई ठोठावली गेली. याच काळात अमेरिकेतली विक्री घसरत घसरत 14.6 अब्ज डॉलरवरून 7 अब्जांच्या आसपास आली. ही घसरण केवळ या देवघेवीने झाली की नाही यावर अर्थशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्प्फ यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा परिणाम जवळजवळ शून्य काढला, तर इतर अनेकांनी तो चांगलाच मोठा धरला. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा विकाऊ वस्तूवर काही परिणाम होत नाही, हे बाजारात एक दिवस बसलेल्या माणसाला पटणे कठीण.

उपाय आला तो वकिलाकडून नव्हे, दुकानदाराकडून. 28 एप्रिल 2003 रोजी ॲपलने ‘आयट्यून्स म्युझिक स्टोअर’ उघडले: पाचही कंपन्यांची 2,00,000 गाणी एका छताखाली, कोणतेही गाणे सुटे 99 सेंटांना. पहिल्या आठवड्यात 10 लाख गाणी खपली. यातला मोठा वाटा ध्वनिमुद्रण कंपनीला जाई आणि त्यातून रचनाकाराचा तो जुना हक्क, 1909 मधले 2 सेंट वाढत वाढत 2006 पासून 9.1 सेंट झाले होते तेवढा, निघे. आरंभी या गाण्यांनाही कुलूप होतेच. 2007 च्या फेब्रुवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर लेख लिहून कंपन्यांना ते काढायला सांगितले, एप्रिलमध्ये ईएमआयने काढले, आणि 2009 च्या जानेवारीत सर्वांचीच कुलपे निघाल्याचे जाहीर झाले. आठ-नऊ वर्षांच्या खटाटोपानंतर धंदा पुन्हा 1982 च्या बिनकुलपी डिस्कपाशी आला.

आपल्याकडे या युद्धाचे स्वरूप वेगळे होते. 1957 च्या आपल्या कायद्यातही 1909 च्या त्या कलमाचे एक नातेवाईक होते; ठरलेली रॉयल्टी भरून दुसऱ्या गायकाकडून तेच गाणे पुन्हा गाऊन घेण्याची मुभा त्यात होती, आणि ऐंशीच्या दशकात टी-सिरीजने ज्या ‘व्हर्जन’ गीतांनी कॅसेटचा बाजार काबीज केला ती याच मुभेवर. इंटरनेटच्या काळात इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संघाने 2012 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाकडून 104 संकेतस्थळे बंद करण्याचे हुकूम मिळवले. परंतु आपले खरे नॅप्स्टर रस्त्यावर होते: मोबाइल दुरुस्तीच्या टपरीत मेमरी कार्ड देऊन गाणी भरून घेण्याचे. जुन्या कॅसेटच्या दुकानाचे क्रियापदसुद्धा बदलले नव्हते. याच संघाने या टपऱ्यांवर छापे घालण्याबरोबर त्यांना शुल्क घेऊन परवाने देण्याची योजनाही काढली होती. ती किती चालली हा भाग निराळा, पण तिच्यामागची बुद्धी मला अमेरिकन वकिलांच्या बुद्धीपेक्षा सरस वाटते.

पायरेट बेच्या त्याच स्वीडनमध्ये, स्टॉकहोम शहरी, डॅनियल एक आणि मार्टिन लोरेंत्झोन यांनी 2006 साली ‘स्पॉटिफाय’ कंपनी स्थापन केली. ऑक्टोबर 2008 मध्ये ती काही युरोपीय देशांत सुरू झाली, जुलै 2011 मध्ये अमेरिकेत आणि फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आली. नॅप्स्टरची सोय आणि नॅप्स्टरने देऊ केलेला परवाना, असा हा संयोग. या वेळी कंपन्यांनी परवाना दिला, आणि देताना कंपनीत भागही घेतले. गाणाऱ्याच्या वाट्याला यातून फार थोडे येते ही तक्रार सार्वत्रिक आहे आणि ती खरी आहे. रचनाकारांपुरती तिची दखल अमेरिकेने 2018 च्या कायद्यात घेतली: अशा सेवांनी सर्व गीतांसाठी एकच सरसकट सक्तीचा परवाना घ्यावा आणि ठरलेला दर भरावा. पियानोलाच्या गुंडाळीसाठी बांधलेले कलम एकशे नऊ वर्षांनी नव्या यंत्राला लागू झाले.

एक दावा सांगायचा राहिला. मिनेसोटा राज्यातील एका बाईंनी तडजोड नाकारली आणि काझावर 24 गाणी वाटल्याच्या आरोपाखाली त्या खटल्याला उभ्या राहिल्या; अशा प्रकरणात ज्यूरीपुढे गेलेल्या त्या पहिल्याच. 2007 च्या ऑक्टोबरात ज्यूरीने त्यांना 2,22,000 डॉलर भरायला सांगितले. फेरचौकशीत, 2009 साली, हा आकडा 19 लाख 20 हजार झाला. न्यायाधीशांनी तो 54,000 वर आणला. तिसऱ्या ज्यूरीने 15 लाख केला. तो पुन्हा खाली आला. आणि 2012 मध्ये अपील न्यायालयाने मूळचे 2,22,000 कायम केले. आयट्यून्सवर त्या 24 गाण्यांची किंमत चोवीस डॉलरहून काही सेंट कमी भरली असती. 18 मार्च 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज ऐकायला नकार दिला आणि कंपन्यांचा विजय अंतिम झाला. त्या दिवशी अमेरिकेतल्या कोणत्याही माणसाला, मधूनमधून जाहिरात ऐकण्याची तयारी असेल तर, स्पॉटिफायवर सुमारे 2 कोटी गाणी एक सेंटही न देता, उजळ माथ्याने ऐकता येत होती. आणि त्या दाव्यातल्या वादी कंपन्यांच्या मालकांचे स्पॉटिफायमध्ये भाग होते.